किनाऱ्यावरील छायाचित्रणाचे नियोजन : पाणी, ढग आणि प्रकाश यांपैकी आधी काय पाहावे?

रेतीरेघ

नमस्कार. डोंगर आणि पठारे यांचे छायाचित्रण मी बऱ्याच काळापासून करत आहे. तिथे सूर्याची दिशा, ऋतू आणि वेळ एवढे जमले की निम्मे काम झालेले असते. समुद्रकिनारी मात्र हा हिशोब पुरत नाही. सूर्यास्त हवा तसा असतो तेव्हा भरती इतकी चढलेली असते की पुढचे खडक दिसतच नाहीत. पाणी हवे तेवढे उतरलेले असते तेव्हा आकाश कोरे असते. आणि दोन्ही जुळले तर वारा सुटून भिंगावर तुषारांचा थर बसतो.

माझे प्रश्न असे आहेत. नियोजन करताना या सर्व गोष्टींपैकी कोणती आधी ठरवावी आणि कोणती ऐनवेळेवर सोडावी? हवामानाच्या अंदाजात दोन संध्याकाळी सारखेच साठ टक्के ढग दाखवलेले असतात, पण एक संध्याकाळ पेटून उठते आणि दुसरी राखेसारखी विझते. हा फरक आधी ओळखता येतो का? आणि सूर्य मावळताना प्रकाश झपाट्याने उतरत असता शटरचा वेग कोणत्या विचाराने निवडावा? माझ्याकडे वाइड अँगल लेन्स, एक मध्यम टेलिफोटो, ट्रायपॉड आणि सहा व दहा स्टॉपचे एनडी (प्रकाश कमी करणारे) फिल्टर आहेत; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. साहित्य वाढवण्यापेक्षा विचाराची पद्धत सुधारावी अशी इच्छा आहे.

ओहोटीवाट

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की आधी पाणी पाहावे, त्यानंतर वारा, मग ढग आणि शेवटी सूर्य. सूर्य आणि पाणी या दोहोंचे वेळापत्रक वर्षभर आधी मिळते हे खरे. परंतु सूर्य चार अंश सरकल्याने चित्र मोडत नाही, पाणी मीटरभर वर आले तर चित्राची जागाच नाहीशी होते. ज्या खडकाला वळसा घालून लाट फेसाळत परतते, तो खडक पाण्याच्या एका ठरावीक पातळीलाच तसा वागतो. त्याहून कमी पाण्यात तो कोरडा दगड असतो आणि जास्त पाण्यात तो नसतोच.

भरतीचा वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो, हे आपल्याला माहीत असेलच. त्यातून निघणारी एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीची घड्याळी वेळ त्या ठिकाणापुरती जवळजवळ ठरलेली असते. जिथे उधाणाची भरती दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास येते, तिथे सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते, म्हणजे नेमकी आपल्या प्रकाशाच्या वेळी. याउलट जिथे उधाणाची भरती सहाच्या सुमारास येते, तिथे सूर्यास्ताची ओहोटी फक्त भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असलेल्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास मिळते आणि ती कधीच फार खोल उतरत नाही. अशा किनाऱ्यावर समुद्रतळाचे खडक मावळत्या प्रकाशात टिपण्याची वाट पाहणे व्यर्थ असते. त्या जागेने जे देऊ केलेले नाही ते मागू नये. तिथे भरतीच्या पाण्याचे चित्र शोधावे.

ठरलेल्या वेळेच्या आत पाणी किती चढेल याचा अंदाज बाराव्या हिश्शाच्या नियमाने घेता येतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पहिल्या तासाला एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या व चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग पाणी चढते. फरक तीन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांतच दीड मीटर पाणी चढते. आपण रचना जुळवत असताना पाऊण मीटर पाणी तासाभरात वाढते, याचा अर्थ चित्र आणि परतीची वाट हे दोन्ही त्या तासात बदलतात. खाडीच्या तोंडाशी किंवा अरुंद आखातात पाण्याची चाल या नियमाहून वेगळी असू शकते, म्हणून तिथे स्थानिक तक्ताच प्रमाण मानावा.

हवामान बदलते असेल तर तक्त्यातील आकडाही तंतोतंत खरा ठरत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वाढते. कमी दाबाचे क्षेत्र जवळ असून दाब नेहमीपेक्षा वीस हेक्टोपास्कलने कमी असेल तर तेवढ्यानेच वीतभर पाणी वाढते आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोरकस वारा त्यात आणखी भर घालतो. वादळी हवेत तक्त्यातील ओहोटीला दिसायला हवे होते ते खडक न दिसण्याचे कारण बहुधा हेच असते.

वाऱ्याची दिशा मी ढगांच्या आधी पाहतो, कारण भिंग कोरडे राहील की नाही हे ती ठरवते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटेचा माथा उभा धरून ठेवतात आणि तुषार मागे, समुद्राकडे उडवतात. पाणी नितळ राहते. दुपारनंतरचे, समुद्राकडून येणारे खारे वारे तेच तुषार आपल्या अंगावर आणतात. शक्य असेल तिथे मी पहाटेला झुकते माप देतो.

या सगळ्याचे तात्पर्य माझ्यापुरते असे, की दिवस ठरवून जागेवर जाण्यापेक्षा जागांची वही ठेवावी आणि दिवसागणिक जागा निवडावी. प्रत्येक जागेसाठी कोणत्या पाणीपातळीला रचना जमते, कोणता वारा चालतो, सूर्य कोणत्या महिन्यांत समुद्रावर उगवतो वा मावळतो, एवढे लिहून ठेवावे. सूर्यास्ताची जागा वर्षभरात विषुववृत्ताजवळ सुमारे ४७ अंश सरकते, तर ५० अक्षांशावर सुमारे ७६ अंश. त्यामुळे हिवाळ्यात समुद्रात बुडणारा सूर्य उन्हाळ्यात भूशिराच्या मागे जाऊ शकतो. अशी वही तयार झाली की हवामान बदलले तरी बेत मोडत नाही, फक्त जागा बदलते.

मेघपंक्ती

ढगांच्या प्रश्नावर लिहितो, कारण साठ टक्के हा आकडा खरोखरच दिशाभूल करतो. एकूण टक्केवारी बाजूला ठेवावी आणि उंच, मध्यम व खालचे ढग वेगवेगळे दाखवणारा अंदाज पाहावा. साठ टक्के उंच तंतुमेघ आणि साठ टक्के खालचे स्तरमेघ यांचा परिणाम अगदी उलटा असतो. उंच ढग पातळ असतात, सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही त्यांच्यापर्यंत किरण पोहोचतात आणि ते खालून उजळतात. खालचा सलग थर किरणांची वाटच बंद करतो.

पण उंच ढग डोक्यावर असणे पुरेसे नाही. सूर्याच्या दिशेला किरणांना येण्यासाठी फट हवी. ही फट किती दूर हवी याचा हिशोब पृथ्वीच्या गोलाईवरून निघतो. सहा किलोमीटर उंचीच्या ढगाला खालून स्पर्शणारा शेवटचा किरण सुमारे २७५ किलोमीटर अंतरावर समुद्राला घासून येतो; दोन किलोमीटर उंचीच्या ढगासाठी हे अंतर सुमारे १६० किलोमीटर असते. म्हणून आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून संध्याकाळचा निकाल सांगता येत नाही. निघण्यापूर्वी उपग्रहाच्या ताज्या प्रतिमेत सूर्याच्या दिशेने दोनशे ते तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात दाट थर आहे की मोकळीक आहे, हे पाहावे आणि आधीच्या दोन-तीन प्रतिमांशी ताडून त्या थराची कड कोणत्या बाजूला सरकते आहे हेही पाहावे. आपल्या दोन संध्याकाळींमधला फरक बहुतेक वेळा इथे, डोळ्यांच्या टप्प्यापलीकडे, ठरलेला असतो.

याच कारणाने सूर्य बुडताच ट्रायपॉड आवरू नये. सहा किलोमीटरवरच्या ढगाला सूर्य क्षितिजाखाली सुमारे अडीच अंश जाईपर्यंत थेट प्रकाश मिळतो. उष्ण कटिबंधात यास दहा-अकरा मिनिटे लागतात, वरच्या अक्षांशांवर बरीच जास्त, आणि मावळतीकडचे ढग त्याहून उशिरापर्यंत रंगलेले राहतात. पुष्कळदा सूर्यास्तानंतर काही मिनिटे आकाश मलूल होते आणि मग दुसरा, अधिक गहिरा रंग चढतो.

आपण विचारलेले नाही, तरी पावसाच्या कडेबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. सलग निरभ्र दिवसापेक्षा पाऊस सरताना किंवा येताना मिळणारा अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो. पावसाने धुतलेल्या हवेत क्षितिज धारदार दिसते, ढगांच्या पडद्याला उंची आणि खोली असते आणि उतरत्या सूर्याचा प्रकाश काळ्याभोर ढगावर आडवा पडतो. अशा वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहण्याची सवय ठेवावी. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर दिसते, म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर असताना सपाट किनाऱ्यावरून ते दिसूच शकत नाही आणि तो जितका खाली, तितकी कमान उंच. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावलेला असेल तर फिरवून पाहावा. एका स्थितीत इंद्रधनुष्य ठसठशीत होते आणि दुसऱ्या स्थितीत जवळजवळ पुसले जाते.

आकाश पूर्ण राखाडी असेल तर घरी परतण्याचे कारण नाही, परंतु आकाश चौकटीतून कमी करण्याचे कारण नक्की आहे. अशा दिवशी ओल्या खडकांचे रंग आणि शेवाळाची हिरवट छटा सूर्यप्रकाशापेक्षा अधिक भरीव दिसतात. मध्यम टेलिफोटो काढावी आणि पाण्याच्या हालचालीकडे वळावे.

फेनरेखा

शटरबद्दल माझे मत थोडे आग्रहाचे आहे. वेग निवडण्याआधी लाटेचे काय सांगायचे आहे ते ठरवावे. फुटणाऱ्या लाटेची ताकद दाखवायची तर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. तिथे फेसाचा प्रत्येक थेंब वेगळा दिसतो. लाट परतताना वाळूवर आणि खडकांमधून ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर पाव सेकंद ते दोन सेकंद. तीस सेकंदांच्या पुढे लाटा उरत नाहीत, धुके उरते. दहा स्टॉपचा फिल्टर हाती आला की प्रत्येक समुद्र गुळगुळीत करण्याचा मोह होतो. परंतु ज्या खवळलेल्या हवामानासाठी आपण एवढी वाट पाहिली, तेच हवामान मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये पुसून टाकणे मला पटत नाही. सहा स्टॉपचा फिल्टर किनाऱ्यावर सर्वाधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. फिल्टरविना १/१५ सेकंद पुरेल इतका प्रकाश असेल तर तो सुमारे चार सेकंद देतो. दहा स्टॉपचा त्याच प्रकाशात मिनिटाहून अधिक घेतो.

त्यातही क्षण महत्त्वाचा आहे. परतीच्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर लाट आपल्या सर्वोच्च टोकाला पोहोचून थबकते तेव्हा नव्हे, तर ती मागे फिरू लागताच शटर दाबावे. आधी दाबले तर पुढे येणारा फेस पांढरा डाग होऊन बसतो. केबल रिलीज किंवा रिमोट हातात धरून लाटेकडे पाहावे, पडद्याकडे नव्हे.

मावळतीनंतर प्रकाश किती झपाट्याने उतरतो याची कल्पना असावी. निरभ्र आकाशात सूर्यास्तापासून सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत प्रकाश शंभराहून अधिक पट घटतो, म्हणजे सुमारे सात स्टॉप. उष्ण कटिबंधात हे पंचवीस मिनिटांच्या आसपास घडते. सरासरी साडेतीन मिनिटांना एक स्टॉप. याचा अर्थ असा, की काही मिनिटांचे एक्स्पोजर सुरू असतानाच त्याचे मोजमाप जुने होते, म्हणून हिशोबापेक्षा अर्धा-एक स्टॉप अधिक वेळ द्यावा. याचा लाभही आहे : दोन सेकंदांसाठी आधी लागणारा फिल्टर थोड्या वेळाने काढून टाकता येतो आणि भिंगापुढची एक काच कमी होते.

फेस आणि आकाश यांच्यातला प्रकाशाचा फरक हा या प्रकाराचा जुना पेच आहे. १८५०च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी काही समुद्रचित्रांत आकाश आणि समुद्र यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून तो सोडवला होता, कारण त्या काळची निळ्या रंगाला अतिसंवेदनशील काचेची निगेटिव्ह एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही धरू शकत नव्हती. आजचा सेन्सर पुष्कळ धरतो, तरी पांढऱ्या फेसाचा तपशील एकदा गेला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही. हिस्टोग्रामची (चित्रातील उजेडाच्या आलेखाची) उजवी, म्हणजे सर्वांत उजळ कड फेस चौकटीत असताना तपासावी, लाट मागे गेलेली असताना नव्हे. दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडायचे असतील तर क्षितिजाशी जोड लपतो. लाटांमध्ये तो सहसा लपत नाही, म्हणून सर्व पाणी एकाच फ्रेममधून घ्यावे.

भिंगाच्या छिद्राबाबत (एफ/ आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) थोडक्यात : फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी भिंग एफ/११ ला सुमारे पावणेदोन मीटरवर केंद्रित केले तर नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसे स्पष्ट येते. त्यापुढे एफ/२२ पर्यंत जाऊन विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) चित्र मऊ करण्याची गरज क्वचितच पडते.

मेघपंक्ती

फेनरेखा यांच्या मताशी एका बाबतीत असहमती नोंदवतो. वारा जोरात असून ढग तुटक असतील, तेव्हा एक-दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ढगांचे पट्टे ओढले जातात आणि वाऱ्याची दिशा व जोर चित्रात प्रत्यक्ष उमटतात. तिथे हवामान पुसले जात नाही, उलट वेगळ्या रीतीने लिहिले जाते. ढग आपल्याकडे येत असतील किंवा आपल्यापासून दूर जात असतील तर हे अधिक साधते, कारण पट्टे क्षितिजाच्या एका बिंदूकडे मिळतात.

फेनरेखा

ढग तुटक असण्याची ही अट मान्य आहे. सलग थराखाली मात्र तेवढ्याच वेळात आकाश सपाट राखाडी होते, तेव्हा तिथे माझे मत कायम ठेवतो.

खडकपाय

वरील सर्व उत्तरे मोलाची आहेत. मी सुरक्षिततेबद्दल लिहितो, कारण बदलत्या हवामानात तीही नियोजनाचाच भाग आहे. अंदाज पाहताना लाटेच्या उंचीइतकेच तिच्या आवर्तनकाळाकडे, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांकडे लक्ष द्यावे. खोल समुद्रात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर असते, तर चौदा सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरहून अधिक. दूरच्या वादळातून आलेली अशी लांब लाट उंचीने तेवढीच दाखवलेली असली तरी किनाऱ्याशी अधिक उंचावते आणि खडकांवर बरीच आतवर चढते. शिवाय लाटा गटांनी येतात. मोठ्या गटांमधल्या शांत काळात समुद्र निरुपद्रवी वाटतो आणि माणसे नेमकी तेव्हाच पुढे सरकतात. म्हणून बॅग उघडण्याआधी उंच, कोरड्या जागेवरून किमान वीस मिनिटे पाणी पाहावे आणि सर्वांत मोठी लाट कुठवर पोहोचली ते लक्षात ठेवावे. त्या रेषेच्या बऱ्यापैकी मागे उभे राहावे आणि पाणी चढते असेल तर ही रेषा अधूनमधून पुन्हा तपासावी. काळपट, बुळबुळीत खडक म्हणजे पाणी तिथे नेहमी येते. समुद्राकडे पाठ करून चौकट जुळवू नये. इंद्रधनुष्यासाठी मागे वळायचे असेल तर आधी मागे, उंचावर जावे.

गडगडाट ऐकू आला की काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्या किनाऱ्यावर परतू नये. मोकळ्या वाळूवर उभा माणूस आणि त्याच्या हातातील ट्रायपॉड हेच परिसरातील सर्वांत उंच बिंदू असतात. वादळाचा ढग फार देखणा असतो हे मान्य आहे. तो दूर असताना, आडोशाच्या इमारतीतून किंवा बंद मोटारीतून टिपावा.

साहित्याबद्दल एवढेच, की भिंगावर वाळलेले तुषार कोरड्या कापडाने पुसू नयेत, कारण मिठाचे स्फटिक लेपावर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेले कापड, शेवटी कोरडे. लाट येऊन गेली की लगेच भिंग तपासावे, नाहीतर पुढच्या सर्व फ्रेममध्ये प्रकाशाभोवती धुरकट वलये सापडतात. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत आधी दाबून रुतवावेत, अन्यथा दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्येही परतणारे पाणी ते हलवते. परतल्यावर सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवावेत.

रेतीरेघ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उधाणाच्या वेळेबद्दलचा मुद्दा वाचून माझ्या दोन आवडत्या जागांचे तक्ते तपासले. एका जागी खोल ओहोटी दुपारीच पडते, त्यामुळे तिथे सूर्यास्ताच्या खडकांचा नाद सोडून भरतीच्या वेळच्या लाटांकडे पाहणार आहे. दुसऱ्या जागेसाठी पुढील अमावास्येनंतरची पहाट धरली आहे. आता एकच शंका उरते : एका तक्त्यात त्या ओहोटीची पातळी ०.३ मीटर आहे आणि दुसऱ्यात उणे १.२ मीटर. यांपैकी कोणता आकडा वहीत लिहावा?

ओहोटीवाट

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण त्यांचे शून्य वेगळे आहे. नौकानयनाच्या तक्त्यांत शून्य हे सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपास धरलेले असते, तर काही संकेतस्थळे सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. कोणताही एक तक्ता कायमचा निवडा आणि त्यातलेच आकडे लिहा. पहिल्या भेटीत आपल्या रचनेतील एका ठळक खडकाच्या तळाशी पाणी लागते त्या क्षणाची वेळ टिपून ठेवा. त्या वेळची तक्त्यातील पातळी हा त्या जागेचा खरा आकडा. त्या दिवशीचा हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशाही शेजारी लिहा, म्हणजे पुढच्या वेळी पाणी वीतभर वर किंवा खाली का आले ते ताडता येईल. अमावास्येनंतरची पहाट निवडली आहे ते योग्यच आहे. सर्वांत मोठा फरक बहुतेक किनाऱ्यांवर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे लागोपाठ दोन पहाटा राखून ठेवा आणि त्यांतली कोणती घ्यायची ते आदल्या रात्रीची उपग्रह प्रतिमा पाहून ठरवा.